तुणक तुणक तुन : चार दलेर आणि आपण सगळे

परवा भाचीची हळद होती. दहाला दहा मिनिटं कमी असताना मोठा दादा डीजेवाल्याच्या कानाला लागला आणि म्हणाला, "शेवटचं एकच, तुणक तुणक लाव." पहिली तार वाजली आणि तोवर खुर्च्यांवर बसून पन्हं पिणारी आमची अख्खी फळी उठली. सत्तरीची आत्या, तिचे जावई, कॅटरिंगची दोन मुलं, सगळ्यांचे हात वर. कुणाला काही शिकवावं लागलं नाही. मात्र नवरीच्या मैत्रिणींनी या गाण्याचा व्हिडिओ कधी पाहिलाच नव्हता! रात्री घरी आल्यावर मी तो लावला आणि सलग चार वेळा पाहिला.

म्हणून हा धागा. तुमच्याही आठवणी लिहा.

आधी थोडी पार्श्वभूमी, नव्या मुलांसाठी. पंजाबी पॉप गायक दलेर मेहंदी १९९५ साली 'बोलो ता रा रा' या अल्बमनं घराघरात पोचले होते. १९९७ मध्ये 'मृत्युदाता'त अमिताभ बच्चन यांच्यासोबत पडद्यावरही आले. गाणी तुफान चालत होती, पण टीका व्हायची की ही गाणी चालतात ती व्हिडिओतल्या सुंदर मुलींमुळे. म्हणून १९९८च्या 'तुणक तुणक तुन'मध्ये त्यांनी मुली घेतल्याच नाहीत. दुसरं कुणीच घेतलं नाही. चार दलेर, चार रंगांचे पायघोळ अंगरखे, चार पगड्या. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा अशी त्यामागची कल्पना. निळ्या पडद्यासमोर चित्रण करून मागे संगणकावरचे डोंगर, वाळवंटं, घुमट लावले. आपल्याकडे तेव्हा हे फार नवीन होतं. टीकेला असं उत्तर देणारा माणूस मला आजही फार मोठा वाटतो.

माझी आठवण सांगलीची. मी चौथीत होते. केबल आमच्याकडे नव्हतं, शेजारच्या काकूंकडे होतं. आजी आणि मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. आजीनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "हे चौघं सख्खे भाऊ का गं?" मी म्हटलं, एकच माणूस आहे, आजी. तिला ते पटलं नाही. पुढच्या वेळी तिनं चौघांकडे निरखून पाहिलं आणि त्यातला थोरला कोण तेही ठरवून टाकलं. "हा बघ, हा जबाबदारीनं नाचतोय." तिला जाऊन अकरा वर्षं झाली. हळदीच्या रात्री व्हिडिओत मी तो थोरला शोधत होते.

नांदेडहून

आमच्या गावात सचखंड हुजूर साहिब आहे, त्यामुळे पगडी आमच्या डोळ्यांच्या ओळखीची. १९९९च्या जानेवारीतलं शाळेचं स्नेहसंमेलन. आम्ही आठवीतल्या चार मुलींनी ठरवलं की आपण चार दलेर व्हायचं. मुलींनी दलेर कसं व्हायचं, असं बाई म्हणाल्या, पण तयार झाल्या. अंगरखे म्हणजे वडिलांचे नेहरू शर्ट, घरीच रंगवलेले. पगडीसाठी आम्ही ओढण्या गुंडाळल्या. रंगीत तालमीत पहिल्याच गिरकीला दोघींच्या सुटून पायात आल्या.

वर्गात एक शीख मैत्रीण होती. ती काही बोलली नाही, संध्याकाळी आम्हाला घरी घेऊन गेली. तिच्या आईनं पाहिलं आणि आधी आम्हाला हातपाय धुऊन यायला लावलं. मग म्हणाल्या, "ये खेल की चीज नहीं है बेटा, पण प्रेमानं बांधणार असाल तर मी शिकवते." पाच-सहा मीटर मलमल. दोन टोकांना दोघींनी धरून ताणायचं, तिरकी घडी घालायची, एक टोक दातांत धरायचं आणि मग डोक्याभोवती फेरे, प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा बोटभर वर. शेवटी पातळ सळईनं घड्या आत सरकवायच्या. एकेका डोक्याला पंचवीस मिनिटं लागली. संमेलनाच्या दिवशी त्या स्वतः आल्या आणि चौघींना बांधून दिल्या. आम्ही किती चांगलं नाचलो ते आठवत नाही. ती घट्ट, कपाळावर बसलेली मलमल आठवते. मान आपोआप ताठ होते हो. नाच संपल्यावर आम्ही पगड्या जमिनीवर ठेवल्या नाहीत, हातात धरून उभ्या राहिलो. त्या मावशी पहिल्या रांगेत होत्या.

परळची चाळ, मुंबई

माझे काका बेंजो वाजवायचे. मुंबई-कोकणात बेंजो पार्टी माहीत नाही असा माणूस नसेल, इतरांसाठी सांगतो: टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातात पात धरून तारा छेडायच्या. आवाज हातगाडीवरच्या भोंग्यातून.

१९९८च्या गणपतीआधी काकांनी 'तुणक'ची कॅसेट आणली. नोटेशन वगैरे काही नाही, सगळं कानावर. एक ओळ ऐकायची, टेप थांबवायचा, बटणांवर शोधायची, रिवाइंड. तो तुणका त्यांना मनासारखा सापडेना. बेंजोचा सूर लांबतो आणि या गाण्यातली तार तर तुटक बोलते. आठ दिवस ते त्याच्यामागे होते. शेवटी एका रात्री त्यांना जमलं: पात मारली की लगेच तळहाताची कड तारांवर टेकवायची. सूर जिथल्या तिथे बसतो. तुण्. तुण्. काकू स्वयंपाकघरातून ओरडली, "आलं! आलं!" चाळीतल्या लोकांनी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या, कारण आठ दिवस सगळी चाळ तेच ऐकत होती.

विसर्जनाला निघाल्यापासून चौपाटीपर्यंत ते किती वेळा वाजलं, मोजता येणार नाही. काकांच्या तळहाताच्या कडेला फोड आले होते. दुसऱ्या दिवशी गिरणीत जायचं होतं. गेले. त्या काळात गिरणी चालू राहील की नाही याची घरात रोज चर्चा असायची. त्या रात्री कुणी तो विषय काढला नाही.

लातूरहून, थोडक्यात

वडील केबलवाले. लोकल चॅनेलवर संध्याकाळी फोन करून फर्माईश करायची सोय होती आणि फोन मी उचलायचो. वही घातलेली होती. गाण्याचं नाव लिहून पुढे आडव्या रेघा मारायच्या. 'तुणक'ला मी वेगळं पान दिलं होतं. एक आजोबा रोज फोन करायचे आणि म्हणायचे, "ते चौघांचं लाव रे बाळा." तुमच्या आजींचं वाचलं आणि त्यांचीच आठवण झाली.

टेक्सासहून

मी २००७मध्ये इथे एमएस करायला आलो. पहिले तीन महिने अवघड गेले. खोलीत तीन अमेरिकन मुलं होती, चांगली होती, पण बोलायला विषय नव्हते. त्यातला एक जण रात्रभर 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळायचा. एकदा पाणी प्यायला उठलो तर त्याच्या पडद्यावर निळ्या कातडीचा, खुरांचा एक धिप्पाड प्राणी नाचत होता. मी ग्लास हातात घेऊन उभा राहिलो. ते हात, ते खांदे, ती गिरकी! मला माहीत असलेला नाच होता तो.

त्याला म्हटलं, हे आमचं आहे. तो म्हणाला, "तू तुणक तुणकच्या देशातला आहेस?" त्या वर्षी जानेवारीत खेळाचा जो नवा भाग आला, त्यात ड्रॅनाय नावाची जमात होती आणि तिच्यातल्या पुरुषांना खेळ बनवणाऱ्यांनी दलेर मेहंदींचाच नाच दिला होता. नाचायचा आदेश टाइप केला की तो सुरू. व्हिडिओ तर त्याआधीच इंटरनेटवरून जगभर फिरला होता, पंजाबीचा एक शब्द न कळता मुलं तो पाठ करून बसली होती. मी त्याला खोलीच्या मध्यावर उभं करून पायांचं शिकवलं, कारण त्याचे फक्त हात बरोबर होते. बाकीचे दोघे उठून आले. चौघं झालो. माझ्याकडे त्या रात्रीचा एक धूसर फोटो आहे, तो माझ्या घराच्या भिंतीवर आहे.

सातारा तालुका, निवृत्त फौजी

सर्वांना नमस्कार. मला लिहायची सवय नाही, मुलगी टाइप करून देते आहे.

२००१ साली आमचं पोस्टिंग पठाणकोटला होतं. बडाखान्याला, म्हणजे फौजेतल्या सामुदायिक मेजवानीला, शीख जवानांनी हे गाणं लावलं. आम्ही मराठे पण मैदानात उतरलो. माझा एक सरदार सोबती होता, त्याला मी विचारलं, बाबा रे, तुणक म्हणजे काय? तो म्हणाला, अर्थ नाही, आवाज आहे. तुंबीचा. पंजाबात तुंबी म्हणून एक तारेचं वाद्य असतं, छोटंसं, एकच तार, तर्जनीनं छेडायची. त्याचा आवाज तुण तुण. गाण्यात पुढे तेच सांगितलंय: साजणा, तुंब्याची तार वाजते आहे, काळजाची हाक ऐक.

बैसाखीच्या जत्रेतून त्यानं मला एक तुंबी घेऊन दिली. ती मी ट्रंकेत कपड्यांच्या मध्ये घालून गावी आणली. आज आमच्या देवघराशेजारी खुंटीला आहे. सोबत्याचा फोन दर दिवाळीला येतो. आधी तुंबी आहे का विचारतो, मग माझी तब्येत.

तुळजापूरजवळून

फौजी काकांचं वाचलं आणि राहवलं नाही. आम्ही गोंधळी. वडील संबळ वाजवायचे आणि थोरले चुलते तुणतुणं. काका, तुमच्या तुंबीची ही आमच्याकडची बहीणच म्हणा. लाकडी पोकळ नळा, तळाला चामडं, बाजूला दांडी, वर खुंटी आणि मधे एकच तार. हातातल्या लाकडाच्या तुकड्यानं छेडायची. नावही आवाजावरूनच पडलेलं. आम्हाला टीव्हीवर हे गाणं पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा चुलते जेवत होते. त्यांनी घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "हे तर आपलंच बोलतंय."

लोक म्हणतात, तेच ते तुणतुणं काय वाजवतोस. चुलत्यांना या म्हणीचा फार राग यायचा. एकाच तारेवर रात्रभर जागर पेलायचा म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. संबळ चढतो, उतरतो, थांबतो. तार थांबत नाही. ती थांबली तर गोंधळ मोडला.

त्याच वर्षी मार्गशीर्षात एका लग्नघरी गोंधळ होता. दिवटी पेटली, आईचं आवाहन झालं, कथा झाली, पहाटे आरतीही झाली. मांडवात मुलं घोंगडीवर पेंगत होती. त्यातला एक सात-आठ वर्षांचा उठून चुलत्यांजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आजोबा, ते वाजवता येतं का?" चुलत्यांनी यजमानांकडे पाहिलं, मग वडिलांकडे. आरती झालेली होती, दिवटी शांत केलेली होती. त्यांनी खुंटी पाव फेरा पिळली, तार कानाशी धरून एकदा ऐकली आणि सुरू केलं. वडिलांनी दोन मिनिटं तसंच ऐकलं आणि मग संबळ पुन्हा कमरेला बांधला.