लुआंग्वाचं जंगल आणि मलावीचं तळं: मे की दिवाळी?

माहीमची सूनबाई
नमस्कार मंडळी. ताडोबा तीनदा झालं, आता नवऱ्याच्या डोक्यात आफ्रिका शिरलीय. आधी झांबियातलं साउथ लुआंग्वा, मग मलावी सरोवराकाठी वाळूत लोळायचं. लेक नववीत, त्यामुळे मे किंवा दिवाळी, एवढंच हातात. (सप्टेंबर उत्तम म्हणतात, पण गणपती सोडून सिंह बघायला गेले तर सासूबाई घरात घेणार नाहीत.) आणि त्या पाण्यात उतरायचं का? आमच्या डॉक्टरांनी नाव ऐकूनच कपाळाला आठ्या घातल्या.

खाडीकाठचा
ताई, दिवाळीचं डोक्यातून काढा. ऑक्टोबरात तिथे भट्टी पेटते आणि नोव्हेंबरात पाऊस धरतो, बरेच कॅम्प बंद होतात. मेअखेर निघा, शाळा उघडायच्या आत परत.

आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. गवत उंच, दोन दिवस हत्तींचे नुसते कान दिसत होते. बायको म्हणाली, यापेक्षा राणीची बाग बरी. तिसऱ्या रात्री बिबट्या जीपच्या चाकाला जवळजवळ घासून गेला, तेव्हा गप्प झाली. तिथे अंधार पडल्यावरही सफारी चालते, ताडोबाच्या सवयीला हे नवीन. गेंडा नाही. थॉर्निक्रॉफ्ट जिराफ मात्र जगात फक्त त्याच खोऱ्यात. पहाटे उघड्या जीपमध्ये दात वाजतात, स्वेटर न्याच. जीन्स नको: गडद निळ्यावर त्सेत्से माशी धावते आणि कापडातूनही चावते.

तळं म्हणाल तर ५८० किलोमीटर लांब, म्हणजे साधारण आपला मुंबई-पणजी रस्ता. तळ्याकाठच्या केप मॅकलिअर गावी पहिल्या सकाळी वास आला आणि मला थेट वर्सोवा आठवलं. उसिपा नावाची बारीक मासळी किनाऱ्यावर मचाणांवर वाळत घातलेली! चांबो हा तिथला मासा तळून मागवा, सोबत न्सिमा, म्हणजे मक्याची घट्ट उकड. जूनमध्ये वारा सुटतो, होडीवाल्याने नाही म्हटलं तर हट्ट करू नका.

गोळ्या-सुया
डॉक्टरांच्या आठ्या बिलहार्झियाच्या. गोगलगायींतून बाहेर पडणारा परजीवी कातडीतून शिरतो. गोगलगायी लव्हाळ्यांत असतात, म्हणून काठाच्या उथळ पाण्यात डुंबायचं नाही, होडीने खडकांकडे जायचं. तिथे रंगीत सिक्लिड मासेही दिसतात. धोका तरीही शून्य होत नाही. परतल्यावर सहा-आठ आठवड्यांनी तपासणी करा, लगेच केलीत तर काही सापडत नाही. मलेरियाच्या गोळ्या चुकवू नका.

विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर पीतज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्या. दाखला जन्मभर चालतो. तो नसला तर परतताना सहार विमानतळावर अडवून ६ दिवस वेगळं ठेवू शकतात.

माहीमची सूनबाई
मे ठरला. लेकीला लसीचं सांगितलं तर ती रुसून बसलीय. सासूबाईंनी मात्र वाळवलेल्या मासळीचं ऐकलं आणि विचारतायत, पाव किलो आणता येईल का?