जुन्या सॉफ्टवेअरमधून कोहात जायचंय, पण मराठी नावांचा चिवडा झालाय

महालचा_ग्रंथपाल:
नमस्कार मंडळी, आमचं नागपूरच्या महालातलं वाचनालय, ११ हजारच्या आसपास पुस्तकं, सॉफ्टवेअर एका लोकल माणसानं कधीकाळी करून दिलेलं. आता कोहा या वाचनालयांच्या फुकट सॉफ्टवेअरवर जायचंय आणि धरमपेठ नि सक्करदऱ्याच्या वाचनालयांसोबत एकच शोध ठेवायचाय, वाचकानं मे महिन्याच्या उन्हात तीन ठिकाणी कशाला फिरायचं. डेटा मागितला तर तो म्हणे फक्त एक्सेल निघते. ते उघडलं तर पुस्तकांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं नि चिन्हं, प्रिंट काढली की मराठी बरोबर! आणि तिघांकडे सॉफ्टवेअर एकच लागते का? समिती वेगळंच विचारून राहिली, फुकटचं उद्या बंद पडलं तर?

तर्री_पोहा:
भाऊ डेटा शाबूत आहे, फॉन्ट जुना आहे. युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या कोडच्या आधी श्रीलिपी, कृतिदेव हे फॉन्ट चालायचे, आत इंग्रजीचे कोड आणि वरून मराठीचा मुखवटा. फॉन्टचं नेमकं नाव काढ, त्याचाच कन्व्हर्टर चालव, पण आधी ५० ओळींवर. रफार बघ, आमच्याकडे 'धर्म'चं 'धमर्' झालं होतं. आणि इंग्रजी पुस्तकांच्या ओळी बाजूला काढ बाप्पा, नाहीतर चांगल्या इंग्रजीचं भूत होते.

पुस्तकवाली_ताई:
एक्सेलवर थांबू नका, मार्क २१ मध्ये, म्हणजे वाचनालयांच्या नोंदींच्या ठरलेल्या साच्यात बसवा. त्यासाठीचं मार्कएडिट सॉफ्टवेअर फुकट आहे, एक्सेलचे रकाने मार्कच्या क्रमांकांना जोडता येतात, पुस्तकाचं नाव २४५, लेखक १००, आयएसबीएन ०२०. प्रतीची माहिती कोहात ९५२ मध्ये जाते, मी पहिल्यांदा तेच विसरले, कॅटलॉगमध्ये सगळी पुस्तकं दिसताहेत पण प्रत एकाचीही नाही, दोन दिवस देवघेव वहीवर केली.
सॉफ्टवेअर एकच नको, फक्त प्रत्येकाच्या सॉफ्टवेअरला ओएआय-पीएमएच, म्हणजे नोंदी दुसऱ्या सॉफ्टवेअरला देण्याची ठरलेली पद्धत, यायला हवी. कोहात ते सेटिंगमधून चालू होतं. वर व्ह्यूफाइंड हे शोधाचं सॉफ्टवेअर ठेवा, रोज रात्री तिघांकडून कालपासून बदललेल्या नोंदीच आणायच्या. पुस्तक आत्ता कपाटात आहे का, हे मात्र त्यातून ताजं कळत नाही, त्यासाठी कोहाला वेगळं विचारावं लागतं.
समितीला सांगा, कोहा २००० साली न्यूझीलंडच्या वाचनालयात सुरू झालं, आजही चालतंय. आणि उद्या नाहीच पटलं तर मार्कची फाइल घेऊन निघता येतं, तुमच्या त्या माणसाकडे जमलं का तसं?

महालचा_ग्रंथपाल:
ताई शेवटचं वाक्य समितीला जसंच्या तसं सांगतो 😄 फॉन्ट जुन्या पीसीत सापडला, ५० पैकी ७ ओळींत रफार चुकला, हातानं करून राहिलो. सक्करदऱ्याला फोन केला तर कळलं, त्यांचं सॉफ्टवेअर म्हणजे अजून जाड रजिस्टरच आहे.