क्रूझवरच्या ड्रेस कोडच्या संध्याकाळी: काय घालावं आणि किती न्यावं?

मीठपाणी
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच क्रूझला निघालोय. सात रात्री. मी, नवरा, १४ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. बुकिंगनंतर आलेल्या मेलमध्ये एकच ओळ होती: दोन संध्याकाळी फॉर्मल, एक व्हाइट नाइट, बाकी स्मार्ट कॅज्युअल. त्या एका ओळीवरून घरात रोज परिषद भरते आहे. नवरा म्हणतो, सुटीत गळ्याला टाय आवळायचा असेल तर मी खोलीतच जेवेन. सासूबाईंनी चार जड रेशमी साड्या काढून पलंगावर मांडल्यात. मुलाकडे हुड्या आणि स्पोर्ट्स शूज सोडून काही नाही. आणि विमानात माणशी २३ किलोची एकच बॅग.

तर विचारायचं असं की फॉर्मल म्हणजे नक्की किती फॉर्मल? सूट नसेल तर जेवायला बसू देत नाहीत का? साडी चालते का? दोन्ही फॉर्मल रात्रींना वेगळे कपडे हवेतच का? आणि इस्त्रीचं काय करतात लोक? अनुभवींनी कृपया सविस्तर लिहा.

डेकवरची_खुर्ची
आधी कंपनीचं पान उघडा आणि त्यावरचा ड्रेस कोड शब्दन् शब्द वाचा. मेलमधली ओळ बहुतेक वेळा एजंटने आपल्या मनाने थोडक्यात लिहिलेली असते. 'फॉर्मल' हा शब्द प्रत्येक जहाजावर वेगळा वागतो.

एका टोकाला कुनार्ड ही कंपनी. त्यांच्या गाला, म्हणजे फॉर्मल, संध्याकाळी खरोखरच डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि टाय किंवा बो, बायकांना लांब गाउन किंवा कॉकटेल ड्रेस. शिवाय अनेकदा त्या रात्रींना थीम असते, ब्लॅक अँड व्हाइट, मास्करेड (मुखवटे घालून) वगैरे. दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन, जिथे सक्तीची फॉर्मल रात्र मुळातच नाही. वायकिंगवरही नाही, तिथे नीटनेटकं असलं की झालं. मधे बाकी सगळ्या कंपन्या. सेलिब्रिटीने २०१५ मध्ये 'फॉर्मल नाइट' हा प्रकार मोडीत काढून 'इव्हनिंग शिक' असं नाव दिलं, त्यात टायची अट गेली आणि चांगली जीन्ससुद्धा खपून जाऊ लागली. कार्निव्हलवर 'क्रूझ एलिगंट' म्हणतात: पाच दिवसांपर्यंतच्या सफरीत एक रात्र, सहा किंवा जास्त दिवसांच्या सफरीत दोन. व्हर्जिनवर फॉर्मल नाही, पण स्कार्लेट नाइटला अख्खं जहाज लाल कपड्यांत.

तुमची कंपनी कळली तर नेमकं सांगता येईल. आणि हो, जुन्या ब्लॉगांवर विसंबू नका. गेल्या काही वर्षांत जवळपास सगळ्यांनीच हे नियम सैल केलेत, नावंही बदललीत.

मीठपाणी
धन्यवाद! पान उघडून पाहिलं. 'सूट किंवा जॅकेट सुचवतो, कॉलरचा शर्ट आणि फुल पँट आवश्यक' असं आहे. म्हणजे मधल्या फळीतलीच म्हणायची. मास्क वगैरे नाही, सुटलो.

पोटभर_झोप
मग प्रश्नच मिटला. सूट-बिट काही नेऊ नका. त्या दोन संध्याकाळी बुफेत जेवायचं. पदार्थ बरेचसे तेच, रांग कमी, आणि शेजारच्या टेबलावर कोणी परफ्यूमची अख्खी बाटली ओतून बसलेलं नसतं. आम्ही दर वेळी हेच करतो. सुटी आपली आहे, जहाजाची नाही.

तिरका_टाय
पोटभर_झोप, बुफेचा पर्याय आहे हे खरं, पण धागाकर्तीच्या सासूबाईंनी चार साड्या काढल्यात हो! त्यांना बुफेत ट्रे धरून उभं करणार का?

मीठपाणी, यजमानांसाठी सांगतो. मलाही टायचा कंटाळा. उपाय एकच: एक नेव्ही ब्लू किंवा चारकोल ब्लेझर, त्याच रंगाच्या जवळची एक पँट, दोन शर्ट. पहिल्या फॉर्मलला पांढरा शर्ट, दुसऱ्याला फिका निळा किंवा बारीक रेघांचा. टाय बॅगेत एक असू द्या, वजन काहीच नाही. तिथे गेल्यावर आजूबाजूचे बघून लावावासा वाटला तर लावतील, नाहीतर नाही. तुमच्या कंपनीचे शब्द पाहता टायवाचून कोणी अडवणार नाही. स्मार्ट कॅज्युअल रात्रींना तोच ब्लेझर खोलीत ठेवून नुसता शर्ट-पँट. काळा सूट मात्र नको. तो त्या दोन रात्रींपलीकडे कशावरच जात नाही.

ब्लेझर बॅगेत घालूच नका, विमानात अंगावर घाला. बसल्यावर काढून वरच्या कप्प्यात. घडी घालायचीच असेल तर अशी: एक खांदा पूर्ण उलटा करा, म्हणजे अस्तर बाहेर येईल. दुसरा खांदा सुलटाच ठेवून त्या उलट्या खांद्याच्या पोकळीत बसवा. आता सगळं कापड आत आणि अस्तर बाहेर. मग मधोमध एकच घडी, आणि त्या घडीत एक मऊ टीशर्ट गुंडाळून ठेवायचा, म्हणजे करकरीत रेघ पडत नाही. कॉलर चपटी होत नाही हा मोठा फायदा.

बूट काळे किंवा गडद तपकिरी, एकच जोड. बेल्ट त्याच रंगाचा.

मीठपाणी
हे त्यांना वाचून दाखवलं. 'टाय ऐच्छिक' एवढंच ऐकून गडी तयार झालाय. मुलाचं काय?

तिरका_टाय
१४ म्हणजे वाढतं वय, त्याला ब्लेझर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. गडद पँट, कॉलरचा बाह्यांचा शर्ट, बस्स. स्पोर्ट्स शूजच्या जागी साधे काळे लोफर, तेच पुढे शाळेलाही चालतील. हुडी दिवसा डेकवर हवीच, वारा असतो. फक्त जेवायला जाताना टोपी नको. मुख्य डायनिंग रूममध्ये टोपी, बनियनसारखे बिनबाह्यांचे शर्ट, पोहण्याचे कपडे, रबरी चपला एवढ्यावरच बहुतेक ठिकाणी खरी आडकाठी असते.

निऱ्या_आणि_वारा
साडीचं मी सांगते.

चालते का, तर उत्तम चालते. कुनार्डसारख्या काटेकोर कंपनीच्याही यादीत राष्ट्रीय पोशाख फॉर्मल म्हणून धरलेला आहे. शिवाय गाउनची उंची, मापं, आल्टरेशन कशाचीच भानगड नाही. फॉर्मल रात्री जहाजाचे फोटोग्राफर जागोजागी पडदे लावून उभे असतात, त्यांच्यासमोरही साडी खुलून दिसते.

पण चार जड रेशमी नकोत. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर एक त्यांच्या आवडीची रेशमी न्या, पहिल्या फॉर्मलसाठी. दुसरी क्रेप किंवा जॉर्जेट. एका जड साडीच्या जागेत क्रेपच्या दोन मावतात, आणि पिळून काढली तरी चुरगळत नाही. ब्लाउज दोन्हींना चालेल असा एकच, काळा किंवा सोनेरी. आणि त्याची बाही निदान कोपरापर्यंत असू द्या, कारण डायनिंग रूम आणि थिएटरमधला एसी फार गार असतो. शाल तर हवीच.

आता खरी गंमत डेकवर. आतल्या भागात साडी नेसून वावरणं सोपं, पण जेवणानंतर 'जरा समुद्र बघू या' म्हणून दार उघडलंत की वारा थेट पदरात शिरतो. जहाज चालू असताना वारा नसलेल्या दिवशीही डेकवर वारा असतोच. म्हणून पदर मोकळा सोडायचा नाही. खांद्यावर चार-पाच पट्ट्या करून ब्लाउजला आतून पिन, दुसरी पिन कमरेपाशी. निऱ्यांना खोचलेल्या जागेच्या चार बोटं खाली एक पिन, सगळ्या निऱ्या मिळून, पण परकराला न लावता. परकराला लावली तर जिना चढताना पाऊल अडतं आणि कापड फाटतं. साडी घोट्याच्या हाडाला टेकेल एवढीच, नेहमीपेक्षा बोटभर वर. जहाजावर जिने खूप, आणि लिफ्ट जेवणाच्या वेळी भरलेल्या. जुन्या पद्धतीच्या बाहेरच्या दारांना उंबरठाही उंच असतो.

पेन्सिल हील घरी ठेवा. हेलकावा आला की सगळा तोल त्या टोकावर, आणि लाकडी डेकच्या फटीत ते अडकतं. ठोकळ्याची टाच किंवा सपाट चप्पल. साडीखाली कोणाला दिसतंय?

स्वतःसाठी तुम्ही काय ठरवलंय ते लिहिलंच नाहीत!

मीठपाणी
मी स्वतः लांब ड्रेसवाली. गडद हिरवा आहे एक, जर्सीसारख्या कापडाचा. दोन्ही फॉर्मलला तोच घातला तर विचित्र दिसेल का?

निऱ्या_आणि_वारा
मुळीच नाही. हजारो माणसं असतात जहाजावर, तुमचा ड्रेस लक्षात ठेवायला कोणाला वेळ आहे? फक्त तुमच्या टेबलावरची मंडळी रोज तीच असतील तर त्यांना दिसेल, आणि त्यांनीही तोच सूट घातलेला असेल. पहिल्या रात्री नुसता ड्रेस आणि मोठे कानातले, दुसऱ्या रात्री वर जरीची ओढणी किंवा छोटं जॅकेट आणि केस बांधलेले. जर्सी कापड तर या कामासाठीच जन्मलंय. गुंडाळी करून ठेवा, काढा, घाला.

वाफेवर_जगणारा
इस्त्रीबद्दल कोणीच लिहिलं नाही. इस्त्री आणि हातातला स्टीमर दोन्ही बहुतेक जहाजांवर खोलीत वापरायला बंदी, आगीचा धोका म्हणून. बॅग स्कॅन होते, त्यात दिसलं की काढून घेतात आणि उतरताना परत देतात. तेव्हा नेऊच नका.

प्रिन्सेस, कुनार्ड, कार्निव्हल अशा काही कंपन्यांच्या जहाजांवर आपलं आपण वापरायची लाँड्री असते, काही ठिकाणी तिथे इस्त्रीही मिळते. फॉर्मल संध्याकाळी पाचनंतर तिथे जत्रा भरते. सकाळी नाश्त्याच्या वेळी जा, चिटपाखरू नसतं. रॉयल कॅरिबियनवर अशी लाँड्री नाही, तिथे कपडे इस्त्रीला बाहेर द्यायचे, त्याचे पैसे पडतात आणि वेळही लागतो. खोलीत पोचल्या पोचल्या कपडे टांगा, अर्ध्या सुरकुत्या आपोआप जातात. उरलेल्यांसाठी बाथरूममध्ये हॅंगर लावून गरम पाण्याचा शॉवर. बाथरूम एवढंसं असतं की दोन मिनिटांत वाफ कोंदते.

खोलीच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे हूक न्या. कपाट चौघांना पुरत नाही. साड्या, ब्लेझर, सगळं भिंतीवर.

आणि एक वेळापत्रक डोक्यात ठेवा. चढाल त्या संध्याकाळी फॉर्मल नसते, कारण कित्येकांच्या बॅगा खोलीत पोचायला संध्याकाळ होते. पहिली फॉर्मल बहुधा दुसऱ्या रात्री किंवा दिवसभर समुद्रात असू त्या दिवशी. शेवटच्या रात्रीही नसते, कारण झोपण्याआधी बॅगा बाहेर ठेवायच्या असतात. उतरण्याच्या सकाळचे कपडे आणि बूट बाजूला काढून ठेवा, बरं का.

मीठपाणी
चुंबकाचे हूक! हे कुठल्याच यादीत वाचलं नव्हतं. आणि ती व्हाइट नाइट?

निऱ्या_आणि_वारा
ती सगळ्यात सोपी. पार्टी बहुधा उघड्या डेकवर असते, कोणी तपासत नाही. पांढरा टीशर्ट आणि फिकी पँट पुरे. आतले कपडे मात्र पांढरे नकोत, अंगाच्या रंगाचे घाला. डेकवरच्या निळ्या दिव्यांत पांढरं आतून चमकतं. लिनन दिसायला छान, पण तासाभरात चुरगळतं.

पोटभर_झोप
अवांतर: सफर कॅरिबियनकडची असेल तर लष्करी हिरव्या-तपकिरी नक्षीचे कपडे कोणाच्याच बॅगेत नकोत. बार्बाडोस, जमैका अशा काही देशांत सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे, लहान मुलांच्या पँटीसकट. फॉर्मलशी संबंध नाही, पण चौदा वर्षांच्या मुलाच्या कपाटात हमखास एक तरी असते.

(आणि बुफेचं माझं मत कायम आहे.)

डेकवरची_खुर्ची
बुफेवरून एक भर. कुनार्डवर गाला संध्याकाळी तयार व्हायचं नसेल तर बुफे, पब आणि आणखी एक-दोन जागा एवढ्यातच वावरावं लागतं, बॉलरूममध्ये किंवा मुख्य बारमध्ये तसं जाता येत नाही. मीठपाणींना तो प्रश्न नाही. त्यांच्या जहाजावर फक्त मुख्य डायनिंग रूम सांभाळली की बाकी रान मोकळं.

काठावरून
धागा आवडला, वाचनखूण साठवली. आम्ही समुद्रावर नाही, नदीवरच्या क्रूझला जातोय. तिथेही हे सगळं लागतं का?

डेकवरची_खुर्ची
नाही. नदीवरची जहाजं लहान, फॉर्मल रात्री बहुधा नसतातच. स्वागताच्या आणि निरोपाच्या जेवणाला लोक थोडे बरे कपडे घालतात, ब्लेझर किंवा साधा ड्रेस. खोलीतलं कपाट आणखी छोटं, आणि रोज गावात दगडी रस्त्यांवर चालणं. तिथे सगळी जागा चांगल्या बुटांना द्या.