टिनावर हात भाजतो आणि आयआर गन २८ अंश दाखवते, असं का?

खामल्याची_गच्ची
नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत गच्चीचं काम उरकायचं आहे. अर्धी गच्ची उघडा स्लॅब, अर्ध्या भागावर नव्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) टिनाचं शेड. दुपारी दोन वाजता, हवा ४३ अंश असताना आयआर गनने (इन्फ्रारेडवरून लांबूनच तापमान दाखवणाऱ्या) मोजलं: स्लॅब ६०, चुना मारलेला कोपरा ४६ आणि टीन २८! त्या टिनावर हात टेकवत नाही. गनवर लिहिलंय ८–१४ मायक्रॉन (ती पाहते तो तरंगलांबीचा पट्टा), इमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती चांगली बाहेर सोडतो, शून्य ते एक) ०.९५ फिक्स, १२:१.

टिनाचा आकडा चुकतो कशाने? उन्हातला इन्फ्रारेड टिनावरून उसळून गनमध्ये शिरतो का? आणि टिनाला चंदेरी रंग द्यावा की पांढरा? दुकानदाराच्या मते चंदेरी जास्त चमकतो म्हणून जास्त थंड राहतो.

तापमापी_नागपूर
उन्हाच्या इन्फ्रारेडचा संशय आधी काढून टाका. इन्फ्रारेडचा पट्टा फार लांबरुंद आहे. दिसणारा लाल प्रकाश साधारण ०.७ मायक्रॉनला संपतो, तिथून थेट १ मिलिमीटरपर्यंत इन्फ्रारेड आणि त्यापुढे मायक्रोवेव्ह. वस्तू जितकी तापलेली तितकी तिच्या उत्सर्जनाची शिखर-लांबी (ज्या तरंगलांबीला ते सर्वात जास्त असतं ती) आखूड. २८९८ ला केल्विनमधल्या तापमानाने भागलं की ती मायक्रॉनमध्ये मिळते. सूर्य ५८०० केल्विन, म्हणून ०.५ मायक्रॉन. तुमचा स्लॅब ६० अंश म्हणजे ३३३ केल्विन, म्हणून ८.७ मायक्रॉन.

जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा इन्फ्रारेडच असते, पण ती बहुतेक ०.७ ते २.५ मायक्रॉनमध्ये. खगोलशास्त्रज्ञ हर्शेलने १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपट्टीत लाल रंगापलीकडे थर्मामीटर ठेवला तेव्हा पारा चढला तो याच जवळच्या इन्फ्रारेडने. तुमच्या गनचा फिल्टर ८ च्या आतलं जवळजवळ सगळं अडवतो. त्यामुळे उसळलेलं ऊन आकडा बिघडवत नाही. फक्त गनच्या भिंगावर थेट ऊन पडू देऊ नका, भिंगच तापलं तर आकडा हलतो.

टिनाची गोष्ट वेगळी. नवा चकचकीत जस्ताचा पत्रा या पट्ट्यात आरशासारखा वागतो. त्याची इमिसिव्हिटी ०.३ धरा. म्हणजे गनकडे येणाऱ्यातलं ३० टक्के टिनाचं स्वतःचं आणि ७० टक्के वरच्या आकाशाचं प्रतिबिंब. निरभ्र कोरडं आकाश ८–१४ मायक्रॉनमध्ये फार थंड दिसतं, कारण तिथे हवा बरीच पारदर्शक असते. टीन खरं ६५ अंश आणि आकाश ५ अंश धरून केल्विनच्या चौथ्या घाताने हिशेब केला तर मिश्रण साधारण २७ अंशांवर येतं. तुमचे २८ म्हणजे गन बिघडलेली नाही, ती टिनात आकाश पाहते आहे. खात्री करायची तर गन रिकाम्या आकाशाकडे धरा (सूर्यापासून दूर). आकडा धाडकन खाली येईल. पावसाळ्यात ढग असताना तोच आकडा बराच वर असतो.

वाडी_फॅब्रिकेशन
वरचं बरोबर आहे. आता मोजायची रीत.

टिनावर काळ्या इन्सुलेशन टेपचे तुकडे शेजारी शेजारी चिकटवून ५ × ५ सेंमीचा चौकोन करा. खाली धूळ किंवा हवेचा फुगा राहिला तर टेप टिनापेक्षा जास्त तापते आणि आकडा फुगतो, म्हणून आधी फडक्याने पुसा, मग अंगठ्याने दाबून बसवा. दहा मिनिटं थांबा. टेपची इमिसिव्हिटी ०.९५ च्या आसपास असते, त्यामुळे फिक्स गनला ती नेमकी जुळते. १२:१ म्हणजे ६० सेंमीवरून मोजलं तर ५ सेंमीचा गोल दिसतो, तुमच्या चौकोनाएवढाच. म्हणून ३० सेंमीवर या, गोल २.५ सेंमीचा होतो आणि कडेचं टीन मिसळत नाही. लेझरचा ठिपका नुसती दिशा दाखवतो, मोजत काही नाही.

गन कूलरच्या खोलीतून थेट गच्चीवर नेली की सुरुवातीचे आकडे भरकटतात, कारण तिचा सेन्सर स्वतःच्या तापमानाशी तुलना करून मोजतो. सावलीत २०–३० मिनिटं ठेवून मग वापरा. पुस्तिकेतली वापराची मर्यादाही बघून घ्या. बऱ्याच स्वस्त गनना ती ४० अंश हवेपर्यंतच असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही पारा त्याच्या वर जातो. काचेतून मोजू नका. ऊन काचेतून आत येतं, पण ८–१४ मायक्रॉन काच अडवते, म्हणून आकडा काचेचाच मिळतो.

छत_आणि_रंग
रंग पांढराच द्या. छताला दोन कामं करावी लागतात: आखूड लांबीचं ऊन परतवणं आणि शिरलेली उष्णता लांब लांबीच्या इन्फ्रारेडने आकाशाकडे सोडणं. चंदेरी ॲल्युमिनियम रंग पहिलं काम बरं करतो, दुसऱ्यात कमी पडतो. पांढरा रंग दोन्ही करतो, त्याची इमिसिव्हिटी ०.९ च्या आसपास असते. तुमच्या चुन्याच्या कोपऱ्याने हेच दाखवलं, तोही ऊन परतवतो आणि उष्णता सोडतो. रंगाच्या डब्यावर सोलर रिफ्लेक्टन्स (ऊन किती परतवतो) आणि थर्मल एमिटन्स (उष्णता किती सोडतो, म्हणजे इमिसिव्हिटीच) असे दोन्ही आकडे असतील तर दोन्ही बघा. नुसता पहिला छापलेला असेल तर अर्धीच माहिती मिळाली.

नव्या जीआयवर साधा ऑइल पेंट मारू नका. जस्ताशी त्यातल्या अल्कीड बाइंडरची (रंग धरून ठेवणाऱ्या रेझिनची) क्रिया होते आणि रंग पापुद्रे धरून सुटतो. डिटर्जंटने तेलकटपणा धुवा, वाळू द्या, जीआयसाठीचा प्रायमर आणि त्यावर ॲक्रिलिक पांढऱ्याचे दोन हात. एका पातळ हातात खालचा धातू डोकावतो आणि इमिसिव्हिटी पुरती वाढत नाही. काम सकाळी लवकर आटपा. तापल्या टिनावर रंग ब्रशखालीच सुकतो.

खामल्याची_गच्ची
आभार. रंग बाहेरूनच द्यायचा ना? आणि स्लॅबवरच्या चुन्याने खोलीत किती फरक पडला ते कधी मोजू?

छत_आणि_रंग
हो, बाहेरूनच. आतली बाजू चमकती आहे तोवर तशीच राहू द्या, ती खाली माणसांवर कमी उष्णता फेकते. आतून गंजली किंवा रंगवली की हा फायदा जातो.

तापमापी_नागपूर
स्लॅबची खालची बाजू दुपारी दोनला मोजून निष्कर्ष काढू नका. काँक्रीटमधून उष्णता खाली उतरायला काही तास लागतात, छत आतून बहुतेक संध्याकाळी जास्त तापतं. दुपारी दोन ते रात्री दहा, तासातासाने, उघड्या आणि चुना मारलेल्या अशा दोन्ही भागांखालच्या एकाच रंगाच्या सीलिंगवर आकडे घ्या, पंखा दोन्हीकडे सारखा ठेवून. टिनाखाली मात्र दुपारीच मोजा, पत्रा पातळ असल्याने तो उन्हाबरोबरच तापतो आणि उतरतो. आतूनही टेपवरच मोजा, नाहीतर गन टिनात फरशी पाहील.