बीटीएस नसते तर गॉर्म्ली कोणाला ठाऊक असता म्हणे!

खडूस पेन्शनर:
कालच्या धाग्यात एका ताईंनी लिहिलं, "बीटीएस नसते तर गॉर्म्ली कोणाला ठाऊक असता?" बीटीएस म्हणजे तो कोरियन पॉप बँड. वाचून चहा सांडला. प्रतिसादात मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

ताई, ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्म्लीला १९९४ साली टर्नर पारितोषिक मिळालं, तिकडचं कलेतलं मोठं बक्षीस. १९९८ पासून इंग्लंडात गेट्सहेडला त्याचं 'एंजल ऑफ द नॉर्थ' हे शिल्प उभं आहे. उंची २० मीटर, पंख ५४ मीटर. तेव्हा तुमच्या बँडमधला जंगकूक धड रांगतही नव्हता. बँडच्या नावाने झालेला २०२० चा 'कनेक्ट, बीटीएस' हा कलाप्रकल्प मलाही माहीत आहे, गॉर्म्लीही त्यातच होता. लंडन, बर्लिन, ब्युनोस आयर्स, सोल, न्यूयॉर्क, एकूण २२ कलावंत, प्रवेश फुकट. छानच. पण घाम कलावंतांचा आणि पाटीवर नाव बँडचं? बँडवाले तर लंडनच्या उद्घाटनालाही व्हिडिओवरूनच हजर!

मुक्ता जांभळी:
ती ताई मीच. "कोणाला" म्हणजे आमच्यासारख्यांना, एवढं कळायला टर्नर पारितोषिक लागत नाही. मी इस्लामपूरची. आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला गणिताच्या बाई येऊन उरलेली उदाहरणं सोडवून घ्यायच्या. त्या प्रकल्पातले सारासेनो, यान्सेन्स हे कलावंत मला बँडमुळेच कळले. आणि बँडचा म्होरक्या आरएम, त्याने २०२० मध्येच वाढदिवसाला कोरियाच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या प्रतिष्ठानला कलेच्या पुस्तकांसाठी १० कोटी वॉन दिले. काका, तुम्ही किती दिलेत?

खडूस पेन्शनर:
पेन्शन वॉनमध्ये मिळत नाही.

जर्सीकर आई:
भांडा तुम्ही, मी पाहिलंय ते सांगते. फेब्रुवारी २०२०, न्यूयॉर्कचा ब्रुकलिन ब्रिज पार्क, पियर ३, याच प्रकल्पातलं गॉर्म्लीचं काम. नदीवरून असा वारा की डोळ्यांतून पाणी. लेक तेव्हा चौदाची, पक्की आर्मी, म्हणजे बीटीएसची चाहती. समोर १८ किलोमीटर अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा भलामोठा गुंता. मला तर बिघडलेली चकली वाटली. लेकीने आधी चाळीसेक सेल्फी काढल्या. मग हातमोजा घातलेलं बोट एका नळीवर ठेवून निघाली, "आई, याचं टोक कुठंय?" वाकून, ओलांडून, पंधरा मिनिटं शोधत होती. सापडलं नाही. नवरा मात्र अजूनही पार्किंगला किती गेले तेच सांगतो.

कोरा कॅनव्हास:
काकांचा मुद्दा बरोबर, कारण चुकीचं. नावाचं काय घेऊन बसलात, पैशाचं बोला. एका महोत्सवात मी अकरा दिवस उन्हात भिंत रंगवली. शेवटच्या संध्याकाळी एक गायक आला, वीस मिनिटं गायला. त्याला पाकीट, मला फुलांचा गुच्छ आणि "तुमचं काम किती लोकांनी पाहिलं बघा!" किती लोकांनी पाहिलं यावर किराणा मिळत नाही हो.

मुक्ता जांभळी:
वाईट झालं. पण त्याचं बिल बीटीएसवर का फाडता?

तिरपागडे:
यातला खरा जोरकस भाग कोणी बोलतच नाहीये. याच प्रकल्पातला तोमास सारासेनो. अर्जेंटिनातलं सालिनास ग्रांदेस, म्हणजे मिठाचं पांढरंफेक मैदान. तिथे काळ्या कापडाचा फुगा, आतली हवा फक्त उन्हाने तापवायची. ना इंधन, ना हेलियम. लेटिसिया मार्केस ही वैमानिक त्यातून उडाली, एकूण ३२ जागतिक विक्रम नोंदले गेले. आणि फुग्यावर तिथल्या आदिवासींचं वाक्य, 'पाणी आणि जीवन लिथियमपेक्षा मोलाचं'. कारण लिथियमसाठी खारं पाणी उपसून तळ्यांत वाळवतात. आता गंमत बघा, हे उड्डाण जगभरच्या आर्मीने पाहिलं कशावर? लिथियमच्या बॅटरीवर!

विजेवरचा विजय:
आलं परत. मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तेव्हापासून प्रत्येक लग्नात कोणीतरी हेच ऐकवतं. मग पेट्रोल काय गोमुखातून येतं का? महिन्याला अडीच हजार वाचतात माझे.

तिरपागडे:
तुमच्या अडीच हजारांसाठी त्यांची विहीर आटवायची?

विजेवरचा विजय:
हे टंकलंय कशावर, पाटीवर? आधी मोबाइल फेका, मग शहाणपणा शिकवा.

टँकरग्रस्त:
दोघंही गप्प बसा जरा. मी अंबड तालुक्यातला. आमच्याकडे लिथियम नाही, फुगा नाही, तरी विहीर आटते. मागच्या उन्हाळ्यात आईने सत्तराव्या वर्षी हंडा उचलला आणि कंबर धरली. ते फुग्यावरचं वाक्य वाचून मात्र चमकलो. कोरियन पोरांच्या नावाने का होईना, पाण्याचं कोणी आभाळात लिहिलं. आमचं निवेदन तर साध्या टेबलावरून पुढे सरकत नाही.

कोरा कॅनव्हास:
हे बाकी खरं. सारासेनोने आपला मुद्दा सोडला नाही आणि बँडने सोडायला लावला नाही. एवढं मान्य करतो. गुच्छ मात्र विसरणार नाही.

खडूस पेन्शनर:
विषय गॉर्म्ली होता, पोचलो अंबडला. असो. मुक्ताताई, तुमच्या वाक्यात 'कोणाला'च्या जागी 'मला' करा, मी सांडलेला चहा पुसतो.

मुक्ता जांभळी:
'आम्हाला' करते. आणि काका, जंगकूक रांगत नव्हता हे तुम्हाला बरं ठाऊक! जन्मसाल शोधलंत ना?

खडूस पेन्शनर:
नातीने सांगितलं.

विजेवरचा विजय:
दादा, आईंची कंबर कशी आहे आता?

टँकरग्रस्त:
पट्टा लावते. थांबा, टँकरचा हॉर्न वाजला. बाकीचं संध्याकाळी.