फुलफिलमेंट पार्टनर निवडताना आधी काय बघायचं: पिक-पॅकचा दर की ड्यूटी?

मालधक्का (धागाकर्ता)

परदेशात ऑनलाइन माल विकणारे भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: ‘तुमचं गोदाम ऑर्डरमागे किती घेतं?’ फुलफिलमेंट पार्टनर म्हणजे आपला माल साठवून ऑर्डर आली की पाठवणारं गोदाम, आणि पिक-पॅक म्हणजे माल उचलून पॅक करायचा त्याचा दर. माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा. आधी माल कुठे ठेवायचा आणि ड्यूटी, म्हणजे आयात शुल्क, कोणत्या किमतीवर भरायची ते ठरवा, मग गोदाम शोधा.

आम्ही उलटं केलं आणि फसलो. आमच्या सुती पिशव्या स्वस्त दर बघून निवडलेल्या एका गोदामातून सुट्या पार्सलने थेट गिऱ्हाइकाकडे जायच्या. तिथे कस्टम्ससाठी मालाचा प्रकार सांगणारा कोड टाकला गेला 6305, म्हणजे माल भरायची पोती. आमची पिशवी खांद्याला अडकवून खरेदीला न्यायची, ती 4202 मध्ये येते आणि ड्यूटी बदलते. पार्सलं कस्टम्समध्ये अडकली. त्यात पाठवणी डीएपी, म्हणजे ड्यूटी गिऱ्हाइकाच्या माथी. कुरिअरवाल्याने दारात पैसे मागितल्यावर एका बाईंनी पार्सल घेतलंच नाही. परतीचं भाडं पिशवीच्या किमतीच्या वर गेलं, आणि त्या बाई पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत. ते मला जास्त लागलं.

आता घाऊक न्यायचं म्हणतो त्याचं कारण साधं आहे. पिशवी 100 ला विकली जाते आणि घाऊक आयातीत तिची किंमत 35 लागते, असं धरा. ड्यूटी 20 टक्के. सुटं पार्सल पाठवलं की गिऱ्हाइकाने मोजलेल्या 100 वर 20 जातात, घाऊक माल नेऊन तिथल्या गोदामात ठेवला की 35 वर 7. पिक-पॅकच्या दरात किती घासाघीस केली म्हणजे हे 13 सुटतील?

हिशेबी

असहमत. तुमच्या गणितात सगळा माल विकला जातो.

सहा रंग, पाच मापं म्हणजे 30 प्रकार. प्रत्येकाचा थोडा थोडा साठा परदेशात ठेवायचा तर ड्यूटी आधी भरा, गोदामभाडं महिन्यामागून महिने द्या, आणि हंगाम संपला की उरलेल्या पिवळ्या पिशव्यांचं काय करायचं? भरलेली ड्यूटी परत मागता येते, पण त्यासाठी माल पुन्हा देशाबाहेर काढा नाहीतर देखरेखीखाली नष्ट करा, वर कागदपत्रं. छोट्या ब्रँडचं मरण ड्यूटीने ओढवत नाही, अडकलेल्या पैशाने ओढवतं. सुट्या पार्सलात 20 जात असतील, पण ते विकल्यावर जातात.

दुसरी_पाळी

मी गोदामात काम करते म्हणून लिहिते. चुकीच्या कोडचं खापर गोदामावर फोडू नका. पिशवीला अस्तर कसलं, ती कशासाठी वापरायची, हे आम्हाला कसं कळणार? आम्ही तुमच्या फाइलमध्ये असेल तेच छापतो. कस्टम्सही उत्तर मागतं ते आयातदार म्हणून ज्याचं नाव आहे त्याच्याकडे.

आणि दराला एवढं दुय्यम ठरवताय, तर खोक्याकडे बघितलंत का? 40 × 30 × 20 सेंमीच्या खोक्यात एक किलोची पिशवी येते. कुरिअर खऱ्या वजनाऐवजी आकारमानावरून वजन धरतं: 24,000 भागिले 5,000, म्हणजे 4.8 किलोचे पैसे लावतं. रोज डोळ्यांसमोर बघते मी हे. पिशवी घडी घालून पाकिटात घाला म्हणून दोनदा सांगितलं तरी ब्रँडवाले छापील खोकं सोडत नाहीत.

मालधक्का

@दुसरी_पाळी, कोडचं मान्य. फाइल आमचीच होती, आम्ही तपासली नाही. पण चांगल्या पार्टनरने निदान ‘ही पोती आहेत का?’ एवढं तरी विचारावं. तेवढ्यासाठी मी ऑर्डरमागे चार पैसे जास्त देईन.

@हिशेबी, सुट्या पार्सलाची सवय लागली ती सवलतीमुळे. अमेरिकेत 2016 पासून 800 डॉलरपर्यंतचं पार्सल ड्यूटीशिवाय आत जायचं. लोकांनी मेक्सिको-कॅनडात सीमेलगत गोदामं घेतली, कंटेनर तिथे उतरवून एकेक ऑर्डर पलीकडे पाठवली. चीन-हाँगकाँगच्या मालाची ती सवलत 2 मे 2025 ला गेली, बाकी देशांची 29 ऑगस्टला. युरोपीय संघाने 22 युरोपर्यंतची व्हॅटमाफी 1 जुलै 2021 लाच काढली होती. ज्या जमिनीवर घर बांधलं ती जमीनच सरकली.

नवा_विक्रेता

मग माल आधी कमी ड्यूटीच्या तिसऱ्या देशात उतरवून तिथून पाठवला तर?

दुसरी_पाळी

नाही चालत. नुसतं खोकं बदलून मालाचा मूळ देश बदलत नाही, तिथे खरीखुरी प्रक्रिया व्हावी लागते. या वाटेला जाऊच नका, दंड होतो.

हिशेबी

जमीन सरकली म्हणता, पण तेच माझं म्हणणं आहे. दर असे हलत असताना सहा महिन्यांचा माल एका देशात ओतायचा? मधला मार्ग म्हणून बाँडेड गोदाम, म्हणजे ड्यूटी न भरता माल ठेवायचं कस्टम्सच्या देखरेखीतलं गोदाम, सुचवाल, तर तिथे ड्यूटी पुढे ढकलली जाते खरी, पण अमेरिकेत माल बाहेर काढायच्या दिवशीचा दर लागतो. दर चढला की तुमचे 7 कुठे राहिले?

सतत खपणारे चार प्रकार घाऊक न्या, एवढं मी मानतो. उरलेले 26 सुटेच जातील, डीडीपीने, म्हणजे ड्यूटी आपण भरायची, ती गिऱ्हाइकाकडून चेकआउटलाच घेऊन.

मालधक्का

26 सुटे नाही पटत. पहिले दहा तरी न्यायला हवेत, 13 चा फरक तिथेही आहेच. डीडीपीवर मात्र एकमत, दारात पैसे मागणं कायमचं बंद.

एक प्रश्न उरतो. गिऱ्हाइकाने सोमवारी पैसे भरले, गुरुवारी दर चढला आणि पार्सल शनिवारी कस्टम्सला पोचलं, तर वरची ड्यूटी कोण भरणार? हे पार्टनरकडून करारात लिहून घेतलेलं कुणी आहे का इथे?