नरकाची भीती: आली कशी, राहिली कशी?

ख्रिस्ती घरात वाढलेले, पुढे विश्वासात आलेले आणि विश्वासातून बाहेर पडलेले, सगळ्यांसाठी हा धागा. नरक आहे की नाही यावर इथे भांडू नका, त्यासाठी वेगळा धागा काढा. तुमच्यापुरती ती भीती कशी होती, एवढंच लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. मी सात वर्षांची. संडे स्कूलच्या बाईंनी फळ्यावर खडूने एक ठिपका काढला. हे तुमचं आयुष्य. मग तिथून रेघ ओढायला घेतली. फळा संपला तरी बाई थांबेनात. रेघ भिंतीवर गेली, खिडकीखालून दाराच्या चौकटीपर्यंत पोचली. "आणि ही अशीच पुढे. कुठे काढायचा हा काळ, ते तुमचं तुम्ही ठरवा." आगीची चित्रं मी केव्हाच विसरले. ती रेघ मात्र भिंतीला रंग देईपर्यंत तिथे होती आणि दर रविवारी मी तिला अंग लागू न देता आत शिरायचे. रात्री डोळे मिटले की 'कायमचं' म्हणजे किती ते मोजायला लागायचे आणि पोटात खड्डा पडायचा.

रातकिडा
माझं दुखणं मत्तय १२, म्हणजे बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय. पवित्र आत्म्याच्या निंदेला क्षमा नाही, हे चौदाव्या वर्षी वाचलं आणि त्याच मिनिटाला डोक्यात नेमकी निंदा उमटली. औषध घेताना माकड आठवायचं नाही म्हटल्यावर आठवतं ना, तसं. मग पश्चात्तापाची प्रार्थना. मध्येच लक्ष उडालं की पहिल्यापासून. एका रात्री ४१ वेळा झाली. घरच्यांना वाटायचं, पोरगा भक्तिमान निघाला! पाळकांनी समजावलं, की ते पाप घडल्याची ज्याला धास्ती वाटते, त्याच्या हातून ते घडलेलंच नसतं. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी नवी शंका: मला पुरेशी धास्ती वाटतेय का?

पुढे कॉलेजात असताना मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं, की हा ओसीडी आहे (नको ते विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार), फक्त धर्माचे कपडे घातलेला. स्क्रुप्युलॉसिटी म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बारीक टोकदार खडा. चपलेत शिरलेला, अगदी तसाच. त्या डॉक्टर बाईंनी माझ्याशी नरकावर वाद घातलाच नाही. प्रार्थना एकदा करायची आणि नीट झाली नाही असं वाटलं तरी तशीच टाकून झोपायचं, हा उपचार. पहिल्या रात्री घामाने उशी भिजली. आता वर्षातून दोन-चारदा खडा टोचतो. प्रार्थना अजून करतो. एकदाच.

उंबरठा
शाळेतून आले तर दार उघडं, पंखा चालू, घरात चिटपाखरू नाही. झालं! प्रभू येऊन सगळ्यांना घेऊन गेला आणि मी मागे राहिले. (प्रभू येईल तेव्हा विश्वासणारे वर उचलले जातील, हे सांगणारा बायबलातला १ थेस्सलनीकाकरांस ४ ज्यांनी लहानपणी ऐकलाय त्यांना कळेल.) शेजारी विचारायला गेले नाही, कारण शेजारचे तसेही वर गेले नसते असं माझं मत होतं. फोन लावला तो आमच्यातल्या सर्वांत देवभीरू मावशीला. तिने उचलला आणि मी जी रडायला लागले! आई गच्चीत कपडे वाळत घालत होती.

धागाकर्ती
हसले आणि अंगावर काटाही आला. आमच्याकडे त्यासाठी एक काका होते.

वाटेवरची
मी पंचविशीत बाप्तिस्मा घेतला, आईने नाही. स्वतःची भीती मला कधी वाटली नाही, तिची वाटायची. आजारपणात तिची पाठ चोळताना डोक्यात एकच, आज सांगायलाच हवं. एकदा सांगितलं. ती म्हणाली, "तू असशील ना तिथे? मग माझ्यासाठी बोल की." ती गेल्यावर मंडळीतल्या एक बाई भेटायला आल्या. म्हणाल्या, स्वर्गात दुःख नसतं, तुला तिची आठवणच येणार नाही. हे सांत्वन बरं का! तेव्हापासून नरकापेक्षा मला त्या स्वर्गाची जास्त धास्ती आहे.

सांजवात
लिहू की नको करत होते. हे माझ्या आईचं आहे. तिचं पहिलं बाळ जन्मल्यावर काही तासांत, स्नानसंस्काराआधीच (बाप्तिस्म्याआधीच) गेलं. तेव्हा कॅथलिकांत सर्रास शिकवत, की असं बाळ लिंबोत जातं. यातना नाहीत, पण देवाचं दर्शनही नाही, कधीच. आई वर्षातला एक दिवस उपास धरायची आणि का ते सांगायची नाही. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाचा दस्तऐवज आला, की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत आणि लिंबो हा श्रद्धेचा बंधनकारक सिद्धांत कधीच नव्हता. मी उत्साहाने वाचून दाखवलं. आईने चष्मा पुसला. "म्हणजे ते नक्की नव्हतंच?" एवढं विचारलं आणि उठून आत गेली.

कडुनिंब
सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून लिहितो. मी रोज पिऊन घरी हात उचलायचो. नरकाच्या भीतीनेच बाटली सुटली, बायकोच्या रडण्याने नाही. भीती सगळ्यांचं वाटोळंच करते असं नाही.

वाटेवरची
बाटली सुटली हे चांगलंच झालं. हे असंच्या असं बायकोला सांगितलंय का कधी?

कडुनिंब
नाही.

पानगळ
अवांतर वाटलं तर उडवा. मराठी बायबलात येशूच्या तोंडी 'नरक' येतो तिथे मूळ ग्रीकमध्ये बहुतेकदा 'गेहेन्ना' आहे. म्हणजे यरुशलेमजवळचं हिन्नोमचं खोरं. तिथे गावचा कचरा अखंड जळायचा, असं प्रवचनात ऐकलं होतं. त्याला त्या काळातला पुरावा नाही. जुन्या करारात त्या खोऱ्याचं नाव निघतं ते जास्त करून पोटची पोरं अग्नीत अर्पण करणाऱ्या आईबापांमुळे. आणि यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात (७:३१) देव म्हणतो, की हे मी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही आलं नव्हतं. हे वचन पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चाळिशीत होतो आणि बसमध्ये होतो. माझा थांबा मागे गेला. मत्तय २५ मधली सार्वकालिक शिक्षा काही त्यामुळे पुसली गेली नाही, ती आहेच. पण रात्री घाबरलो की हल्ली यिर्मया काढतो.

रातकिडा
+१. हे मला ४१ प्रार्थनांच्या रात्री कोणी दाखवायला हवं होतं. (अर्थात मी त्यातही शंका काढली असती.)

पहिल्यांदाच
आजवर नुसती वाचत होते. मुलगा सात वर्षांचा आहे. परवा त्याने विचारलं, "आगीत माणूस जळून संपत का नाही?" तुला कोणी सांगितलं म्हटलं, तर म्हणाला, "तूच खूण केलीयस." माझं जुनं बायबल, मार्क ९:४८, किडा मरत नाही आणि अग्नी विझत नाही. बाराव्या वर्षी पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केलेलं, बाजूला माझं नाव आणि प्रश्नचिन्ह. तो झोपल्यावर खोडरबर घेऊन बसले. नाव गेलं, रेघाही गेल्या. बायबलचा कागद किती पातळ असतो ते माहीतच आहे. आता त्या जागी भोक आहे आणि त्यातून पलीकडच्या पानावरचं दिसतं. सकाळी तो परत तेच पान काढून बसला होता.